शेजारचे शेतकरी मिळून ओढा, माती, पक्षी-प्राणी राखू शकतात का? (खानापूर-बेळगाव भाग)

तुम्ही विचारलंय की इंग्लंडात शेजारी शेतकरी गट करून माती, पाणी, पक्षी सगळं मिळून राखतात, तसं खानापूर-बेळगाव भागात जमेल का, सुरुवात कुठून करायची आणि सरकारकडून काही मिळतं का.

जमतं. पण तिकडचा हिशोब इकडं लावू नका. तिकडं एकेकाची मोठी सलग जमीन, इथं वाटण्या होऊन 20 गुंठ्यांचं खाचर आणि चारी बाजूंनी भाऊबंद. त्यामुळं पहिला विषय पक्ष्यांचा निघतच नाही, बांधाचा निघतो.

आमचं शिवार जांबोटीच्या बाजूला. खाचरांच्या कडेनं ओढा जातो तो पुढं मलप्रभेला मिळतो. त्याला वळणं होती, काठाला करंज, उंबर, निर्गुडी, आणि मिरगाचा पाऊस जोरात लागला की चढणीचे मासे थेट खाचरात यायचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला, खाचरं गाळानं भरली, आणि आमच्या थोरल्या चुलत्यांनी, आप्पांनी, ठरवलं की वळणांमुळंच पाणी तुंबतंय, ओढा सरळ करायचा. मी तेव्हाच म्हणालो, आप्पा, वळण काढलं की पाणी पळणार आणि पळताना काठ खाणार. कोण ऐकतंय, त्यांची जमीन वरच्या अंगाला, जेसीबी आणला, काठची झाडं मुळासकट काढली, ओढ्याचं गटार केलं. पुढच्याच पावसात आमच्या बाजूचा काठ कोसळला, ओढ्याचा तळ खोल गेला आणि शिमग्याला पाणी असणारी खालच्या अंगाची विहीर तळाला लागली. माती गेली ती मलप्रभेतून नविलुतीर्थ धरणात, ती काय परत येणाराय?

मग खालच्या अंगाचे आम्ही सगळे देवळात बसलो. कागद नाही, रजिस्ट्रेशन नाही. एवढंच ठरलं की नांगरताना कुणी बांध कोरायचा नाही, उन्हाळ्यात काठ पेटवायचा नाही आणि सुगी झाली की पोत्यांचा बंधारा सगळ्यांनी मिळून घालायचा. खताची रिकामी पोती, निम्म्यापेक्षा थोडी जास्त भरायची, गच्च भरलेलं पोतं नीट बसत नाही, फटी राहतात. तोंड सुतळीनं शिवायचं, वरच्या थरात विटांसारखे सांधे मोडून ठेवायची आणि पाण्याच्या अंगाला चिकणमाती तुडवून लावायची. मधून थोडं पाणी खाली सोडायचं, नाहीतर खालचा माणूस भांडायला येतो आणि त्याचं बरोबरच असतं. आता भातानंतर ओलीवर मसूर येतो, विहीर टिकते. काठ जाळणं थांबलं तशा धामणी दिसायला लागल्या, जुन्या जांभळाच्या ढोलीत घुबडं आलीत आणि बांध पोखरणारे उंदीर कमी झालेत. घुबड अशुभ म्हणून ढोलीत धूर करणारे लोक आहेत अजून, त्यांना सांगून सांगून घसा बसला.

आप्पांचं अजून एकच पालुपद, झाडाच्या सावलीत भात येत नाही. मोठं झाड खाचराच्या मधल्या बांधावर लावाच कशाला? ते ओढ्याच्या काठाला लावा. मधल्या बांधावर गिरिपुष्प लावा, पावसाच्या तोंडावर छाटा, पाला चिखलणीत तुडवा. सावली कोयत्यानं आवरते, पण वाहून गेलेला काठ घालायला कुठलं अवजार आहे का?

सरकारी मदतीचं म्हणाल तर उद्योग खात्रीतून, म्हणजे रोजगार हमीतून, लहान शेतकऱ्याच्या जमिनीत बांधबंदिस्ती, झाडं अशी कामं घेता येत आलीत, पंचायतीत पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला, विचारा. वन खात्याची कृषी अरण्य प्रोत्साह योजना आहे, त्यात रोपं स्वस्त मिळतात आणि जगलेल्या रोपामागं तीन वर्षांत हप्त्यानं पैसे येतात. शेततळं पाहिजे तर कृषी भाग्य योजना, त्यासाठी कृषी खात्याचं रयत संपर्क केंद्र. सध्याचे दर तिथंच विचारा, ते बदलत असतात. पण अनुदानासाठी गट करू नका, पैसे उशिरा आले की असा गट तिथंच मोडतो.

एक सांगायचं राहिलं, काठ दाट झाला की डुकरंही येतात. पण डुकरांचं खरं घर ऊस आहे, काठाला दोष देऊ नका. गवा आणि डुक्कर एकट्याच्या कुंपणानं फक्त शेजाऱ्याकडं वळतात, म्हणून भात पिकताना माळ्यावरची राखण पाळीनं करा. तारेत लाइनचा करंट सोडणाऱ्याला गटात घेऊच नका, तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंसुद्धा मरतात. आणि हे सगळं आमच्या लाल मातीच्या, पावसाच्या पट्ट्यातलं आहे, तुमचं शेत सौंदत्ती-गोकाककडच्या काळ्या रानात असेल तर झाडं आणि बांध दोन्ही वेगळे लागतील.

सुरुवात वरच्या अंगाच्या माणसापासून करा, त्याच्या अंगणात जाऊन बसा. तो आला नाही तरी खालच्यांनी थांबू नये. आप्पांचा मुलगा आता पोती भरायला येतो. आप्पा येत नाहीत, पण परत जेसीबी आणला तर मी ओढ्यात आडवा उभा राहणार हे त्यांना पक्कं माहीत आहे.