रिअर-व्हील ड्राइव्ह (इंजिनचा जोर मागच्या चाकांना जाणाऱ्या) गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं काय करतं? पावसात बंद ठेवलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पावसात बेसमेंटच्या रॅम्पवरून वर येताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो, ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी उचलत नाही, म्हणून ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंदच करून टाकावंसं वाटतं. कृपा करून तसं करू नका. इंजिनच्या जोराने फिरणारं चाक जागच्या जागी घसरू न देणारी सिस्टीम म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल.

दादरला आमच्या बिल्डिंगचा रॅम्पही असाच आहे. डाव्या कडेला गटारावर लोखंडी जाळ्या टाकल्यात. जूनमध्ये डावं मागचं चाक त्या ओल्या लोखंडावर आलं की जागीच गरगरतं. उजवं चाक खरखरीत काँक्रीटवर असूनही हलत नाही, कारण साधं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारे गिअर, दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. डावं चाक जेवढा पेलेल तेवढाच उजव्याला मिळतो. मग खालून घर्रर्र असा आवाज येतो. सिस्टीमने फक्त डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक धरलेला असतो. त्या ब्रेकविरुद्ध इंजिनला जोर लावावा लागतो, तेवढाच जोर उजव्याला मिळतो आणि गाडी वर येते.

चाक घसरतंय हे सिस्टीमला कळतं कसं, तर पुढच्या चाकांवरून. आपल्या गाडीत त्यांना इंजिनचा जोर जात नाही, ती नुसती रस्त्याबरोबर फिरतात, म्हणून गाडीचा खरा वेग तीच सांगतात. एबीएसचेच (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चारही चाकांवर असतात. पुढची चाकं ताशी 5 किमी दाखवतायत आणि मागचं एक 20, म्हणजे ते घसरतंय. थोडी घसरण मात्र ती चालू देते, कारण साधारण 10 ते 20 टक्के घसरणीला टायर सगळ्यात चांगला धरतो.

खरी गरज वळणावर लागते. टायरची पकड एकच. गाडी पुढे ढकलायलाही तीच आणि आडवी सरकू न द्यायलाही तीच. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल ओलं झालेलं असताना केम्प्स कॉर्नरच्या वळणावर जोरात पाय दिलात, तर मागच्या चाकांची सगळी पकड ढकलण्यात संपते आणि गाडीचं बूड बाहेर जातं. तिथे सिस्टीम मुख्यतः इंजिनचीच ताकद कमी करते: पेट्रोल गाडीत थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) मिटवते, ठिणगी उशिरा टाकते, डिझेलमध्ये इंधन घटवते. ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी उचलत नाही ती यामुळेच.

माझे वडील काळी-पिवळी पद्मिनी चालवायचे. तीही मागच्या चाकांवरचीच. ओल्या रस्त्यावर त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून केसभर वर यायचा, मी शेजारी बसून पाहिलंय. तेच काम आता सेन्सर करतात, आणि एकेका चाकाचा वेगळा ब्रेक धरणं तर कुठल्याच पायाला जमणार नाही.

बंद करायचं ते चिखलात किंवा वाळूत गाडी रुतली तरच, कारण तिथे चाक थोडं फिरू दिल्याशिवाय बाहेर निघत नाही. निघालात की लगेच चालू करा.

दिवा लुकलुकणं म्हणजे काम चालू आहे. तो एकसारखा पेटून राहिला, सोबत एबीएसचाही, तर चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर तपासून घ्या. कधी चिखलच बसलेला असतो. आणि आधी मागच्या टायरच्या खाचा बघा. कायद्याने किमान 1.6 मिमी लागतात, पण मुंबईच्या पावसाला मी 3 च्या खाली टायर ठेवत नाही. दिवा वरचेवर लुकलुकतोय म्हणजे माझा पहिला संशय तिथेच आहे.