अर्जात न लिहिलेला मुलगा

पत्र एका वडिलांचं आहे. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्यासाठी, एक्सप्रेस एंट्री या कुशल कामगारांच्या योजनेतून अर्ज गेलाय, निकाल यायचाय. एजंटच्या सांगण्यावरून अर्जात नवरा, बायको आणि मुलगी एवढीच नावं भरली. नऊ वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. ‘त्याच्यामुळे मेडिकलमध्ये सगळेच अडकाल. सध्या आजी-आजोबांकडे ठेवा, पीआर झालं की स्पॉन्सर करा,’ असं एजंट म्हणाला. वडिलांचा प्रश्न: पीआर झाल्यावर मुलाला न्यायला किती महिने लागतील?

अशी पत्रं मला सतत येतात. कुणाच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी असते, कुणाच्या मुलीला डाउन सिंड्रोम. एजंटचं वाक्य मात्र तेच असतं.

महिने मोजू नका. या वाटेने तुम्हाला मुलाला नेताच येणार नाही.

सगळं अडतं ते कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतल्या ११७(९)(डी) या एका कलमावर. आईवडिलांना पीआर मिळताना जे मूल त्यांच्यावर अवलंबून होतं, पण सोबत जात नव्हतं आणि ज्याची इमिग्रेशन खात्याकडून तपासणीच झाली नाही, ते मूल पुढे त्यांच्या फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे स्पॉन्सर करून नेता येणाऱ्या नातेवाइकांच्या वर्गात, धरलं जात नाही. तुम्ही फसवायला नाव गाळलं की भीतीपोटी, हे कलम विचारत नाही. अर्जात दोन मुलगे न दाखवलेल्या एका आईने या कलमाला आव्हान दिलं होतं. २००५ साली फेडरल कोर्ट ऑफ अपीलमध्ये ती हरली. त्यानंतर उरते ती मानवतेच्या आधारावर केलेली विनंती. ती मान्य होईलच असं कुणी सांगू शकत नाही, आणि ती रेंगाळते तेव्हा मुलाच्या वाढीची वर्षं निघून जातात.

एजंटचं बोलणं अर्धं खरं आहे, म्हणूनच माणसं त्याला भुलतात. पीआर असलेल्या आईवडिलांनी स्पॉन्सर केलेल्या मुलाला वैद्यकीय खर्चाच्या बोजाची अट (अर्जदारावर सरकारचा खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाणार असेल तर अर्ज नाकारता येतो, ती) लागत नाही, हे खरं. पण ही सूट फॅमिली क्लासमधल्या मुलाला आहे, आणि वरचं कलम तुमच्या मुलाला त्या वर्गाबाहेरच काढतं.

तुमच्या हाती एकच गोष्ट आहे: पीआर अजून झालेलं नाही. तेव्हा या आठवड्यातच इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्मवरून लेखी कळवा. मुलाचं नाव, जन्मतारीख, ते का गाळलं याचं सरळ स्पष्टीकरण आणि कुटुंबाच्या माहितीचे दुरुस्त फॉर्म जोडा. त्याला सोबत न्यायचं की मागाहून, हे नंतर ठरवा. नाव आणि मेडिकल मात्र आत्ताच व्हायला हवं. व्हिसा हातात पडला असता तरी पीआर पक्कं होण्याआधी दडलेली बाब सांगणं बंधनकारकच होतं.

यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. खोटी माहिती दिल्याचा ठपका आला तर पाच वर्षांची बंदी लागते. खात्याने विचारण्याआधी स्वतःहून केलेली दुरुस्ती सहसा वेगळ्या नजरेने पाहिली जाते, पण तुमच्या अधिकाऱ्याबद्दल मी शब्द देऊ शकत नाही. आणि एजंटकडे बोट दाखवून सुटका होत नाही, कारण अर्ज तुमच्या नावाचा आहे. न वाचता तो पाठवू दिलात याचा मला राग येतो. मुलाचं नाव आहे की नाही, एवढं तरी पाहायचं होतं.

वाईट याचं वाटतं की ज्या भीतीने हे केलं ती बऱ्याच अंशी जुनी झाली आहे. २०१८ साली कॅनडाने या अटीतली खर्चाची मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षण त्या हिशेबातून वगळलं. ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत पूर्वी अनेक अर्ज याच खर्चावर अडत. तुमच्या मुलाला औषधं आणि थेरपी किती लागते, यावर बाकीचं ठरेल. रिपोर्ट न पाहता मी आकडा सांगत नाही. खात्याकडून शंका घेणारं पत्र आलंच, तर त्यात दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. आणि मुलाला मागे ठेवल्याने मेडिकल टळतं हेही चूक आहे. त्याचा ताबा तुमच्याकडे असेपर्यंत, तो सोबत जाणार नसला तरी, त्याच्या अपात्रतेने तुमचाही अर्ज नाकारला जाऊ शकतो.

एक गोष्ट सहज निसटेल. बँकेत दाखवायची रक्कम कुटुंबाच्या संख्येवर ठरते आणि मागे राहणारं मूलही त्यात मोजतात. तुम्ही तिघांपुरती दाखवली असेल, ती आता चौघांची लागेल. ही अट एक्सप्रेस एंट्रीतल्या तुमच्या प्रोग्रॅमला आहे का ते आधी तपासा, कारण काहींना ती नसते.

मुलं मोठी असलेल्यांनी हेही लक्षात घ्यावं: बावीस वर्षं उलटली म्हणून अपंग मूल अवलंबित मुलांच्या यादीतून आपोआप निघत नाही. शारीरिक वा मानसिक अवस्थेमुळे बाविशीच्या आधीपासून ते आईवडिलांच्या पैशावर अवलंबून असेल, तर ते अवलंबित मूलच आहे. त्याचंही नाव लिहायचं.

तुमच्या पत्रात मुलाच्या पासपोर्टचा उल्लेख नाही. काढलेला नसेल तर वेबफॉर्म पाठवायच्या दिवशीच त्याचाही अर्ज करा.