तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : घरात वर्षाची ज्वारी पाहिजेच

प्रश्न : आमची 5 एकर कोरडवाहू जमीन आहे, मागच्या काही वर्षांपासून सगळीकडं सोयाबीनच घेतो आणि ज्वारी विकत आणतो. सासूबाई म्हणतात घरात वर्षाचं धान्य पाहिजे, मालक म्हणतात दुकानात मिळतंय की. मागं दोन पोती ठेवली तर सोंडे लागून पीठ झालं. आता नेमकं काय करावं?
– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. सोयाबीन विकून पैसा येतो हे खरंच आहे, पण भाव पडला किंवा काढणीच्या टायमाला पाऊस झाला की पैसा पण नाही आणि ताटात घालायला पण काही नाही, सोयाबीनची काय भाकरी होत नाही. तुमच्या सासूबाईंच्या पिढीनं 1972 चा दुष्काळ बघितलाय, रोजगाराच्या कामावर खडी फोडून सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीवर दिवस काढलेली माणसं आहेत ती, आणि तुम्ही स्वतः 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय. म्हणून माझं म्हणणं एकच, सगळं रान सोयाबीनखाली घालू नका, एक एकर घरच्या ताटासाठी ठेवाच.

चार माणसांच्या घराला दिवसाला किलो-सव्वा किलो ज्वारी धरली तरी वर्षाला साडेतीन ते साडेचार क्विंटल लागते. बरं साधलं तर एका एकरात तेवढी निघते, शिवाय कडबा मिळतो आणि जनावरं जगतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा, वाण मालदांडी घ्या नाहीतर परभणी कृषी विद्यापीठाची परभणी मोती. बांधाला तूर, आणि थोडा हरभरा टाकाच, कारण हरभऱ्याचे शेंडे खुडून सावलीत वाळवले की उन्हाळ्यात भाजी विकत घ्यावी लागत नाही. वाळलेला पाला हातावर चुरायचा, लसणाची फोडणी द्यायची, थोडं डाळीचं पीठ किंवा शेंगदाण्याचा कूट लावायचा, भाकरीसोबत दुसरं काही लागत नाही. खुडल्यानं झाडाला फुटवे पण जास्त येतात, फक्त फुलं लागायच्या आधी खुडा.

आता सोंडे. बहुतेक वेळा ओलावा राहिलेला असतो. दाणा दाताखाली घ्या, कट्ट असा आवाज करून फुटला तर वाळलाय, दबला तर अजून ऊन द्या. आणि इथंच बऱ्याच बाया घाई करतात, उन्हातनं गरम ज्वारी उचलली की लगेच कोठीत भरतात, मग आत वाफ धरते, दाण्याला घाम सुटतो, बुरशी येते आणि किडा पण वाढतो. रात्रभर पसरून गार होऊ द्या, सकाळी भरा. कोठी आधी रिकामी करून कडक उन्हात तापवा, फटीत जुने दाणे राहिले की त्यातलेच सोंडे नव्या मालात जातात. खाली विटा-फळी ठेवा, भिंतीला लावू नका. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरात घाला, पण नुसत्या पाल्यावर विसंबू नका, झाकण घट्ट बसलं पाहिजे, आत हवा जाईना की किडे आपोआप मरतात.

तूर अख्खी ठेवली की भुंगा लागतो, डाळ करून ठेवलेली बरी. मूग-चवळी खायला ठेवायची तर किलोला एक चमचा गोडेतेल सगळीकडं नीट चोळा. बियाण्याला मात्र तेल नको, कोरड्या राखेत मडक्यात ठेवा.

आणि एक हात जोडून सांगते, धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या झोपायच्या घरात अजिबात ठेवू नका. त्यातनं जो गॅस निघतो त्यावर उतारा नाही, लेकरंबाळं असलेल्या घरात तर नकोच नको.

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगरला भाड्यानं राहतो, शेत नाही. आम्ही काय साठवावं?
– एक वाचक

उत्तर : दादा, तुम्ही उन्हाळी वाळवणाकडं बघा. बाजरीच्या खारोड्या, मुगाचे सांडगे, कुरडया आणि येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाला घातलेलं पीठ. भाजीला पैसे नसले तरी येसराची आमटी आणि भाकरी असली की पोटभर जेवण होतं. खारोड्यांना बाजरी भरडून, लसूण-मिरची-तीळ घालून घट्ट शिजवायची आणि गच्चीवर कापडावर घालायच्या. दोन-तीन कडक उन्हं द्या, मोडून बघा, आत मऊ लागली तर अजून एक ऊन. डबा चांगला कोरडा असावा, पावसाळ्यात एकदा उघडून बघा आणि ऊन पडलं की परत वाळवा. भोपळा घेताना देठासकट घ्या, पक्का लाल भोपळा गार कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. आणि घरमालकानं होकार दिला तर अंगणात शेवग्याची एक फांदी रोवा, त्याला पाणी फार लागत नाही आणि पाला वाळवून पिठात मिसळता येतो.