साहेब सगळ्यांदेखत पाणउतारा करत असेल तर कामातलं मन खरंच उडतं का?

उडतंय की, पण लगेच दिसत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये मी होतो, तिथला सुपरवायझर खानापूरकडच्या एका पोराला बोलणं गावठी म्हणून रोज सगळ्यांसमोर चिडवायचा, आधी तेच पोरगं ड्रॉइंगमधली चूक स्वतःहून दाखवायचं, नंतर मात्र बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, ओव्हरसाइज जातोय हे दिसत असूनही गप्प, आणि अख्खा लॉट रिजेक्ट! हजेरी मात्र फुल्ल, म्हणून एचआरला काय कळणार. माणसं कामात मन का घालतात याचा अभ्यास करणारे विल्यम कान यांनी 1990 मध्ये हेच मांडलंय, बोललं तर अंगाशी येईल असं वाटलं की माणूस कामातून स्वतःला काढून घेतो. नुसतं बघणारे आम्हीपण तसलेच झालो, सहा वाजले की डबा उचलून थेट गेटवर.