नवीन माध्यमं वापरायची आहेत आणि प्रेक्षक कामापुढे थांबायला हवाय, सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: चित्रकलेचं शेवटचं वर्ष आहे, कॅनव्हास सोडून जिलेटिन, लॅटेक्स (द्रव रबर), रेझिन (हार्डनर मिसळला की कडक होणारं द्रव प्लास्टिक), उष्णतेने रंग बदलणारं पिगमेंट असं सगळंच करून पाहावंसं वाटतंय, प्रदर्शन चार महिन्यांवर आलंय, आणि लोक काम नुसतं बघून पुढे सरकतात याची खंत आहे.

चार महिन्यांत चार माध्यमं हाताळू नका. एकच घ्या. त्या माध्यमाचा असा एक गुण शोधा जो माणसाच्या साध्या कृतीला उत्तर देतो: हात लावणं, फुंकर मारणं, जवळ येणं, वजन टाकणं. मग सगळं काम त्या एका जोडीभोवती बांधा. नवीन माध्यम आणि प्रेक्षकाचा सहभाग हे दोन वेगळे प्रश्न धरले की काम दुभंगतं. सुंदर पृष्ठभाग एकीकडे राहतो आणि शेजारी 'कृपया सहभागी व्हा' अशी पाटी लटकते.

उदाहरण म्हणून जिलेटिन घेऊ. ते सहज मिळतं, विषारी नाही, आणि चुकलं तर पुन्हा गरम पाण्यात विरघळवून वापरता येतं. शिवाय त्याची पातळ पट्टी तळहातावर ठेवली की हाताला टेकलेली बाजू घामाची ओल घेऊन फुगते, वरची बाजू कोरडीच राहते, आणि काही क्षणांत पट्टीची टोकं आपोआप वर उचलली जातात. हे आधी स्वतःच्या हातावर करून पाहा, म्हणजे मी याच गुणावर एवढा भर का देतोय ते कळेल.

प्रमाण: पाणी 240 मिली, जिलेटिन 48 ग्रॅम, ग्लिसरीन 12 ग्रॅम. चमचे वापरू नका, वजनकाट्यावर मोजा. ग्लिसरीन लवचिकपणासाठी असतं. 12 ग्रॅमला सुकल्यावर ताठ पत्रा (म्हणजे जिलेटिनचा सलग पातळ थर, ज्यातून पट्ट्या कापायच्या) मिळतो, 24 ला वाकणारा, 36 ला रबरासारखा. हाताच्या ओलीने वळणाऱ्या पट्टीसाठी 12 च्या आसपास राहा, कारण ग्लिसरीन वाढलं की पट्टी आधीच लुळी पडते आणि वळण दिसत नाही. ते फारच झालं तर पत्रा दमट हवेत चिकट होतो आणि धूळ धरतो.

जिलेटिन आधी गार पाण्यात दहा मिनिटं भिजू द्या. थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या बाहेरून चिकट होतात आणि आत कोरड्या राहतात. मग ग्लिसरीन घालून गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. उकळू देऊ नका, फार तापलं की जिलेटिनची घट्ट होण्याची ताकद घटते. सावकाश ढवळा, फेस चमच्याने काढून टाका आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच गरम ठेवा, म्हणजे उरलेले बुडबुडे वर येतील.

ओतायला गुळगुळीत अॅक्रिलिक शीट घ्या आणि कडेने पट्ट्यांची चौकट करा. पाणसळ लावून पृष्ठभाग समतल आहे ना ते पाहा, कारण पातळ ओतकामात दोन मिलिमीटरचा उतारही पत्र्याची एक बाजू जाड करतो. 30 × 30 सेंमीच्या चौकटीत सुमारे 90 मिली मिश्रण ओतलं की ओला थर 1 मिमीचा होतो आणि सुकल्यावर त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका उरतो. एवढा पातळ थर पसरायला मिश्रण चांगलं गरम हवं, आणि हात न थांबवता एकाच दमात ओतायचं. मधे थांबलात तर तिथे रेघ उमटते.

खरा घोटाळा सुकताना होतो. पंखा वरून लावला तर वरची बाजू आधी आक्रसते आणि पत्रा वाटीसारखा वळतो. कडा मधल्या भागाआधी सुकतात, म्हणून त्या सुरकुततात. यावर उपाय असा: पत्रा हाताला चिकटेनासा झाला की अलगद उचलून दोन जाळीच्या चौकटींमध्ये धरा, कडा चिमट्यांनी ताणून ठेवा आणि हवा दोन्ही बाजूंनी खेळू द्या. बुरशी येते ती बहुधा जाड थरात किंवा बंद खोलीत, कारण ओल लवकर बाहेर पडत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा जाड ओतायचंच असेल तर लवंगेच्या तेलाचे दोन-तीन थेंब घाला, पण भिस्त हवेवरच ठेवा.

रंगासाठी पाण्यात विरघळणारी शाई चालते. चहाचा कडक काढा मात्र टाकू नका. त्यातलं टॅनिन जिलेटिनमधल्या प्रथिनाला चिकटतं आणि मिश्रण फाटल्यासारखं होतं. ताज्या, न शिजवलेल्या अननसाचा किंवा पपईचा रस घातलात तर ते घट्टच होणार नाही, त्यातली विकरं प्रथिन तोडतात. आणि जिलेटिन प्राण्यांपासून बनतं. हात लावायला सांगणार असाल तर ते माहितीपट्टीवर लिहिणं तुमचं कर्तव्य आहे. ते टाळायचं असेल तर समुद्री शेवाळापासून मिळणारं अगर-अगर वापरता येतं: 250 मिली पाण्याला 5 ग्रॅम अगर आणि 5 ग्रॅम ग्लिसरीन. ते मात्र उकळावंच लागतं आणि त्याचा पत्रा फार नाजूक निघतो.

बाकीची माध्यमं थोडक्यात. उष्णतेने रंग बदलणारी पिगमेंट बऱ्याचदा 31 अंशांच्या आसपास रंग सोडतात, म्हणून हाताचा ठसा सुरेख उमटतो. पण खोलीच तेवढी तापली तर सगळं काम आधीच रंगहीन दिसतं, आणि उन्हात ती लवकर मरतात. लॅटेक्सला तांबं लागू देऊ नका, त्याने लॅटेक्स खराब होतं. काहींना त्याची अॅलर्जी असते, त्यामुळे स्पर्शाच्या कामात ते नकोच. शिवाय ते टिकत नाही. शिल्पकार इव्हा हेसने 1960 च्या दशकाच्या अखेरीस केलेली लॅटेक्सची कामं आज तपकिरी आणि कडक झाली आहेत. रेझिनमध्ये हार्डनरचं प्रमाण वजनाने दिलंय की आकारमानाने, हे डब्यावर वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. जाड थर एकदम ओतला तर तो आतून तापून तडकतो. नायट्राइलचे हातमोजे आणि खेळती हवा हवीच. प्लास्टर ऑफ पॅरिस सेट होताना 60 अंशांपर्यंत तापू शकतं, म्हणून त्यात हात बुडवून साचा घेण्याचा विचारही करू नका. अंगाच्या साच्यासाठी अल्जिनेट नावाची, पाण्यात कालवायची भुकटी असते.

आता प्रेक्षक. प्रदर्शनात 'हात लावू नका' हे माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे परवानगी नजरेला दिसावी लागते. पट्ट्या काचेच्या पेटीत किंवा पांढऱ्या उंच चौथऱ्यावर ठेवल्यात तर कोणी उचलणार नाही. टेबलाच्या उंचीवर, 75 ते 80 सेंमीवर, उघड्या तबकात ठेवा. म्हणजे लहान मुलांना आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही त्या घेता येतील. काही पट्ट्या मुद्दाम थोड्या विस्कटलेल्या असू द्या, आधी कोणीतरी घेतलंय हे दिसलं की पुढचा हात धजावतो. सूचना एका ओळीची आणि क्रियापदाची: 'एक पट्टी उचला, तळहातावर ठेवा.' ती भिंतीवर लावू नका, तबकाच्या कडेला लावा. का वळते ते मुळीच सांगू नका. तो शोध प्रेक्षकाचाच असला पाहिजे.

वळलेल्या पट्टीचं पुढे काय, हेही आधी ठरवा. कलाकार फेलिक्स गोन्सालेस-टॉरेस यांच्या 1991 च्या कामात सुमारे 79 किलो गोड, खाण्याच्या गोळ्यांचा ढीग असतो. प्रेक्षक एकेक गोळी घेतात, ढीग कमी होतो आणि पुन्हा भरता येतो. घेणं, कमी होणं आणि भरणं यांतच त्या कामाचा अर्थ आहे. तुमच्याकडे शेजारी ताणलेली तार असू शकते, जिच्यावर प्रत्येकाने आपली पट्टी अडकवायची. प्रदर्शन पुढे सरकतं तशी ती भरत जाते, आणि उशिरा आलेल्याला आधीच्या सगळ्यांची गर्दी दिसते.

साठ्याचं गणित कागदावर मांडा. 30 × 30 च्या पत्र्यातून 2 × 10 सेंमीच्या 45 पट्ट्या निघतात. पाच दिवस, रोज 200 माणसं आणि त्यातली निम्मी सहभागी होतील असं धरलं तर 500 पट्ट्या लागतील. फुटतूट धरून 600, म्हणजे 14 पत्रे. एक पत्रा सुकायला दोन-तीन दिवस धरा, आणि चौकटी किती आहेत त्यावरून मागे मोजत सुरुवातीची तारीख काढा.

गर्दीत माध्यम कसं वागतं याची चाचणी टाळू नका. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये 2010 साली चिनी कलाकार आय वेवे यांच्या पोर्सेलिनच्या कोट्यवधी सूर्यफूल-बियांवरून लोकांना चालू दिलं होतं. पण चालण्याने उडणारी धूळ आरोग्याला घातक ठरेल म्हणून काही दिवसांतच ते बंद करावं लागलं. तुमच्या कामाची चाचणी छोटी आहे. काहीच माहिती नसलेल्या सहा जणांना एकेक करून आत सोडा आणि स्वतः कोपऱ्यात गप्प उभे राहा. कुठे थांबले, हात पुढे केला का, सूचना वाचली का, पट्टी किती वेळ पाहिली, एवढंच टिपा. तिघांनी उचलली नाही तर आधी तबकाची जागा बदला, मग उजेड आणि सगळ्यात शेवटी सूचनेचे शब्द. पट्टीवर उजेड तिरपा, बाजूने पडू द्या. समोरून पडला तर वळण सपाट दिसतं.

ही चाचणी प्रदर्शनाच्याच खोलीत आणि त्याच वेळी करा. एसीच्या कोरड्या हवेत पट्टी ठिसूळ होऊन मोडते, तिथे ग्लिसरीन 12 वरून 16 करा. दमट दालनात ती तबकातच मऊ पडते, म्हणून तबकात एका वेळी वीस-पंचवीसच ठेवा आणि बाकीच्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवून दर तासाला भरत राहा.