केंद्रातल्या शिक्षकांना टेक्नॉलॉजी शिकवायची तर सुरुवात कुठून करावी?

जिंतूरकडच्या सरांनी विचारलंय की केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, बरेच शिक्षक पन्नाशीच्या पुढचे हायेत, ट्रेनिंग झाल्या पण वर्गात कुणी काही वापरेना. सर, माझ्या मते ह्यात वयाचा काही संबंध नाही. मोबाईल म्हणलं की माहिती भरणं, यूडायस (शाळेची सरकारी ऑनलाईन माहिती), फोटो टाका, लिंक भरा, हेच डोक्यात बसलंय आन त्याला सगळे वैतागलेत, म्हणून पहिलं असं काही शिकवा ज्यानं त्यांचं स्वतःचं काम हलकं होईल.

माझं ऐकाल तर टायपिंगपासून धरा. आपल्याकडं अजून कितीतरी प्रश्नपत्रिका कृतिदेव ह्या जुन्या फाँटमधी पडून हायेत, ज्या फोनमधी तो फाँट नाही तिथं उघडल्या की निस्ती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं दिसतात. त्यापेक्षा फोनवर मराठी कीबोर्ड लावून द्या, माईक दाबून बोललं की युनिकोडमधी, म्हणजे वेगळा फाँट न टाकता दुसऱ्या फोनवरही दिसंल असं, मराठी उमटतं, चुका तेवढ्या हातानं दुरुस्त करायच्या. एकदा स्वतःची चाचणी स्वतः तयार केली की भीती बरीच मोडती बगा.

मग विषयावर या. गणितवाल्यांना जिओजेब्रा हे गणिताच्या आकृत्यांचं ॲप दाखवा, त्रिकोणाचा कोपरा बोटानं ओढला की तिन्ही कोन बदलायलेत पण बेरीज 180 अंशच राहती, हे पोरगं स्वतः ओढून बघतंय तेव्हा जे कळतं ते फळ्यावर दहा त्रिकोण काढून कळत नाही, आन ॲप एकदा टाकलं की नेट नसलं तरी चालतं. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ह्या सरकारी अभ्यासाच्या ॲपनं स्कॅन होतात, रेंज असंल तिथं व्हिडिओ डाउनलोड करून ठेवायचे, शाळेत लाईट आन नेटची वाट बघत बसायचं नाही.

शिकवायची पद्धत मात्र बदला. हॉलमधी एक जण प्रोजेक्टरवर दाखवणार आन बाकीचे बघणार, त्यानं हात बसत नाही. दोघादोघांच्या जोड्या लावा, आन शिकवणाऱ्यानं समोरच्याचा फोन हातात घ्यायचा नाही, हे लई महत्त्वाचं हाय, कारण तरुण शिक्षक "द्या सर, मी करून देतो" म्हणतात आन सर परत तिथंच. ज्येष्ठांना चारचौघात "तुम्हाला येतंय का" असंही विचारू नका, त्यांचं विषयज्ञान दांडगं असतं, तो मान ठेवूनच बसा.

केंद्रातले शिक्षक जमतात त्या शिक्षण परिषदेत अर्धा तास मागून घ्या, त्यात एकानंच आपल्या वर्गात काय करून बघितलं ते दाखवायचं, फसलं असंल तर तेही सांगायचं. पहिल्या खेपेला गणिताचे दोघं धरा, जिओजेब्रा लावताना कुठं अडलं तर इथंच विचारा.