‘माझी प्रार्थना त्या मुलाला पाठ झाली होती’

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम. मी बरीच वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीत संडे स्कूल घेतो. उपासनेत शास्त्रवाचनाची पाळी असते, प्रार्थनासभेची सुरुवातही बहुतेक वेळा माझ्याकडेच येते. परवा वर्गात डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ‘हे दयाळू स्वर्गीय पित्या, आजच्या या नव्या दिवसासाठी’ एवढं म्हटलं, तर पुढचं वाक्य माझ्याआधी पहिल्या रांगेतल्या एका मुलानं कुजबुजत पूर्ण केलं. बाकीची मुलं खुदखुदली. मीही हसून वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. माझ्या हातून काही मोठं पाप घडलेलं नाही, कुणाशी वैर नाही, शंका म्हणाल तर त्याही नाहीत. पण एकट्यानं बसून शेवटची प्रार्थना कधी केली ते आठवत नाही, आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. मी विश्वासापासून दूर चाललोय, की वयानुसार असं होतच असतं?
– एक संडे स्कूल शिक्षक

उत्तर : बंधू, सलाम. त्या मुलावर रागावला नाहीत ना? मंडळीतल्या एकाही वडीलधाऱ्यानं केलं नाही ते काम त्यानं केलं.

‘पत्र लिहिलंत त्याअर्थी तुमचा विश्वास जिवंत आहे, काळजी करू नका’ असं लिहून मला मोकळं होता आलं असतं. तसं करत नाही. ‘फारसं वाईटही वाटत नाही’ हे तुमचं वाक्य मला त्या कुजबुजीपेक्षा जास्त खटकलं. प्रार्थना कोरडी होणं ही वेगळी गोष्ट आहे. बायबलमधल्या ४२ व्या स्तोत्राचा कर्ता पुरता कोरडा पडलेला आहे, रात्रंदिवस रडतो आहे, पण पाण्यासाठी धापा टाकणाऱ्या हरिणीसारखा देवासाठी तळमळतो आहे. तळमळ आहे तोवर मी फार घाबरत नाही. विश्वासापासून वाहत जाणाऱ्याला मात्र काहीच होत नाही, सगळं छान चाललेलं असतं.

त्याआधी एक साधी चौकशी. झोप होते का? घरात आजारपण, कामाचा ताण, मनावर मळभ असं काही? बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवानं आधी झोपू दिलं, खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. तेव्हा शरीर किंवा मन थकलेलं असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि त्याला अविश्वास समजून स्वतःला दोष देऊ नका.

तसं काही नसेल तर नव्या करारातलं ‘इब्री लोकांस पत्र’ काढा आणि एका बैठकीत वाचा. ते पत्र नवख्यांना लिहिलेलं नाही. दहाव्या अध्यायात कळतं की या लोकांनी विश्वासासाठी निंदा सोसली होती, मालमत्ता लुटली गेली तेही आनंदानं सोसलं होतं. आणि त्यांनाच लेखक दुसऱ्या अध्यायात बजावतो की जे ऐकलं आहे त्याकडे अधिक लक्ष द्या, नाहीतर वाहवत जाल. पाचव्यात तर स्पष्टच म्हणतो, तुमचे कान मंद झाले आहेत. एके काळी घरदार लुटलं गेलं तरी न डगमगलेल्यांचं बिघडलं कुठे, तर ऐकण्यात.

तुमचंही तिथेच अडलं आहे असं मला वाटतं. तुमच्या पत्रात तुम्ही शिकवता, वाचून दाखवता, प्रार्थना चालवता. ऐकता कुठे, ते एकदाही आलेलं नाही. शास्त्र उघडलं की मनात पहिला विचार ‘हे मुलांना कसं सांगू?’ असाच येत असणार. टपाल वाटणाऱ्यासारखं झालंय तुमचं. पिशवी रोज भरलेली, पण पत्रं सगळी दुसऱ्यांच्या नावाची. आम्हा पाळकांना ही खोड सर्वांत आधी लागते, हे जाता जाता सांगतो.

अशा वेळी लोक सल्ला देतात की आणखी करा, आणखी एक सभा, आणखी एक उपास. मला तो पटत नाही. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या दुसऱ्या अध्यायातली इफिसची मंडळी पाहा. श्रम, धीर, खोट्या प्रेषितांची पारख, सगळ्यात पहिला नंबर. तरी प्रभू म्हणतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. पुढे तो पहिल्यासारखं वाटून घे असं म्हणत नाही. कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर आणि पहिली कृत्यं कर, असं म्हणतो. म्हणजे सुरुवातीला जे करत होतात ते. तुम्ही सुरुवातीला वर्ग घेत नव्हता, वर्गात बसत होता.

म्हणून माझं सांगणं असं. तीन महिने वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्या. मंडळीत कुरकुर होईल, होऊ द्या. त्या काळात मार्ककृत शुभवर्तमान वाचा. १६ अध्यायांचंच आहे, पण घाई नको. रोज एकच प्रसंग, मोठ्यानं, स्वतःच्या कानांना ऐकू जाईल असा. आणि त्यातून जे मिळेल ते निदान तेवढे दिवस कुणालाही सांगू नका. वर्गात नाही, सभेत नाही, मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये तर नाहीच नाही. तुम्हाला हेच सगळ्यात जड जाईल.

प्रार्थनेचं म्हणाल तर पाठ प्रार्थनेला नावं ठेवू नका. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही खुद्द प्रभूनंच शिष्यांना शिकवली. तुमची ती सुरुवातीची दोन वाक्यं मात्र काही दिवस बाजूला ठेवा. त्या दिवशी प्रत्यक्ष जे घडलं तिथून सुरू करा. ‘प्रभू, आज मी अमक्याला उगाच बोललो.’ ‘प्रभू, मला तुझ्याशी बोलावंसं वाटत नाही.’ दुसरं वाक्य तर तुमच्या बाबतीत खरंच आहे, मग तेच म्हणा. दोन मिनिटांत संपली तर संपली.

आणि कुणातरी एकाला हे सांगून ठेवा. इब्री पत्राचा तिसरा अध्याय एकमेकांना रोज बोध करायला सांगतो. माणूस असा निवडा की जो ‘कसे आहात?’ विचारून थांबणार नाही, ‘काल वाचलंत का?’ असं विचारेल.

दूर चाललोय का, या प्रश्नाचं उत्तर राहिलं. हो, मला तसं वाटतं. नव्या करारात देमासाचं नाव तीनदाच येतं. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात तो प्रेषित पौलाचा सहकारी आहे, कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात लूकाच्या बरोबरीनं त्याचा सलाम आहे, आणि २ तीमथ्य ४:१० मध्ये ऐहिक जगाची आवड धरून तो थेस्सलनीकास निघून गेला आहे. मधे काय झालं ते लिहिलेलंच नाही. पण लगेच पुढचं वचन वाचा. पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. हा तोच मार्क, जो पंफुल्या प्रांतात पौलाची साथ सोडून परतला होता आणि ज्याच्यापायी पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं बिनसलं होतं. मी तुम्हाला वाचायला सांगितलेल्या शुभवर्तमानाला परंपरेनं त्याचंच नाव आहे.

प्रश्न : उपासना घरी मोबाईलवर पाहिली तर चालते का? उपदेश तोच असतो.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आजारपणात किंवा प्रवासात जरूर पाहा. जाता येत असूनही घरीच पाहायची सवय मात्र लावून घेऊ नका. इब्री १०:२५ मध्ये एकत्र मिळणं सोडू नका असं आहे, आणि त्यालाच लागून एकमेकांना उत्तेजन द्या असंही आहे. पडद्यावर तुम्हाला उपदेश मिळेल, पण तुम्ही कुणाला उत्तेजन देणार? तुमच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या बाईंना तुम्ही आला नाहीत हे कळलेलं असतं.